चंद्रोदय आणि शेवटची ऑर्डर : कर्जत तालुक्यातील एका रात्रीच्या जेवणाचा प्रकरण अभ्यास

मुंबईत हॉटेल व्यवस्थापन शिकवताना विद्यार्थ्यांसमोर ठेवण्यासाठी मी अनेक प्रकरणे गोळा केली आहेत. त्यांपैकी बहुतेकांत चूक कोणाची हे पहिल्या वाचनातच कळते. पुढील प्रकरण तसे नाही. या जेवणाला मी स्वतः पाहुणी म्हणून उपस्थित होते, नंतर दोन्ही बाजूंशी सविस्तर बोलले आणि दोघांच्या संमतीने हे लिहीत आहे. हॉटेलचे आणि कुटुंबाचे नाव देण्याचे कारण नाही.

प्रसंग कसा ठरला

कुटुंब विलेपार्ले पूर्वेचे. आजींना ७५ वर्षे पूर्ण होत होती. अमृतमहोत्सव हॉल घेऊन, शंभर माणसे बोलावून करायचा नाही, घरच्याच माणसांनी कुठेतरी निवांत जेवायचे, अशी त्यांची स्वतःची इच्छा होती. दोन मुलगे, दोन सुना, दोन नातवंडे, आजी आणि थोरल्या सुनेची जुनी मैत्रीण म्हणून मी, अशी आम्ही आठ माणसे होतो. कर्जत तालुक्याच्या पूर्व भागात, सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या एका लहान हॉटेलचे रेस्टॉरंट निवडण्यात आले. एका वेळी जेमतेम तीस पाहुणे, रात्री आठ वाजता सर्वांनी एकत्र बसायचे, स्वयंपाकघर ठरवील ते सात पदार्थ एकापाठोपाठ यायचे आणि माणशी ४,५०० रुपये अधिक कर, अशी तेथील पद्धत आहे.

खास जेवणासाठी शहराबाहेर जाण्याची ही प्रथा आपल्याकडे नवी असली तरी मुळात जुनी आहे. फ्रान्समधील मिशलँ या टायर कंपनीने १९२६ पासून रेस्टॉरंटांना तारे देण्यास सुरुवात केली, आणि पुढे दोन ताऱ्यांचा अर्थ ‘वाट वाकडी करून जावे असे’ आणि तीन ताऱ्यांचा अर्थ ‘केवळ त्यासाठी प्रवास करावा असे’ असा ठरला. लोकांनी मोटारी चालवाव्यात हा कंपनीचा हेतू होता; पण त्यातून जेवणासाठी गावाकडे जाण्याला प्रतिष्ठा मिळाली. अशा ठिकाणी पाहुणा रात्री मुक्कामाला असतो, परतीची शेवटची गाडी पकडण्याची त्याला चिंता नसते, त्यामुळे जेवण तीन तास चालले तरी चालते. कर्जतच्या या रेस्टॉरंटचा सगळा डौल याच गृहीतकावर उभा आहे, आणि ते गृहीतक एरवी बरोबरही आहे.

कुटुंबाला शनिवार हवा होता. शनिवारी जागा नव्हती, म्हणून रविवार घेतला. मुलांच्या शाळेच्या आणि थोरल्याच्या रजेच्या हिशेबात रविवार-सोमवार बसत होते, पैसे भरून झाले, आणि त्यानंतर धाकट्या सुनेने भिंतीवरच्या दिनदर्शिकेत पाहिले तर त्या रविवारी माघातली संकष्टी चतुर्थी होती. आजींची संकष्टी लग्नापासून चुकलेली नाही. थोरल्याने तारीख बदलण्याची तयारी दाखवली. आजींनी ती मोडून काढली. “चंद्र काय पार्ल्यातच उगवतो का? तिकडे सोडीन उपवास,” असे त्या म्हणाल्या आणि विषय संपला.

एका शब्दाचे दोन अर्थ

रेस्टॉरंटच्या आरक्षणाच्या अर्जात दोनच प्रश्न होते : शाकाहारी की मांसाहारी, आणि कशाची ऍलर्जी आहे का. दुसऱ्या प्रश्नाच्या रकान्यात थोरल्या सुनेने लिहिले, “एका ज्येष्ठ पाहुण्यांचा उपवास आहे. कांदा-लसूण चालत नाही.” दुसऱ्या दिवशी उत्तर आले की उपवासाची संपूर्ण व्यवस्था केली जाईल, निश्चिंत असावे. दोन्ही बाजूंनी ही नोंद मन लावून केली होती. तरीही प्रकरणाचे सगळे बीज याच दोन वाक्यांत आहे.

शेफनी ‘उपवास’ या शब्दाचा अर्थ त्यांच्या शिक्षणाप्रमाणे आणि अनुभवाप्रमाणे लावला. त्यांचे बरेचसे काम उत्तर भारतात झाले होते, तेथील नवरात्रातल्या व्रताच्या थाळ्या त्यांनी वर्षानुवर्षे बनवल्या होत्या. त्यामुळे आजींसाठी त्यांनी सात पदार्थांचा स्वतंत्र मेनू आखला : कुट्टूच्या (बकव्हीटच्या) पिठाचे लहान वडे, शिंगाड्याचे धिरडे, रताळे, राजगिरा, साबुदाण्याची खीर, सगळे शेंदेलोण घालून. तो मेनू मी नंतर कागदावर पाहिला. त्यात कष्ट होते, कल्पकता होती आणि आदरही होता.

परंतु संकष्टीच्या रात्री उपवासाचे खायचे नसते. मराठी घरात वाढलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही, आणि म्हणूनच ते सांगायचे राहून जाते. एकादशीचा उपवास दुसऱ्या दिवशी द्वादशीला सुटतो, त्यामुळे एकादशीच्या रात्रीही साबुदाणा किंवा वरईच असते. संकष्टीचा उपवास त्याच रात्री चंद्रोदयानंतर सुटतो, आणि सुटतो तो पूर्ण जेवणाने : वरण-भात, तूप, लिंबू, एखादी भाजी, आणि गणपतीला नैवेद्य दाखवलेले मोदक. दिवसाचे महत्त्व इतके चंद्रोदयाशी बांधलेले आहे की तिथी दोन दिवसांत विभागली तर ज्या दिवशी चंद्रोदयाच्या वेळी चतुर्थी असेल तोच दिवस संकष्टीचा धरतात. म्हणजे आजींच्या दृष्टीने रात्री आठला काहीही नको होते, आणि चंद्रोदयानंतर अन्न हवे होते, फराळ नव्हे. स्वयंपाकघराने नेमके उलटे तयार ठेवले होते.

यात कुटुंबाची चूक नाही असे मी म्हणणार नाही. ‘संकष्टी’ हा शब्द त्यांनी कोठेही लिहिला नाही आणि चंद्रोदयाची वेळही कळवली नाही. परंतु पाहुण्याला काय सांगायचे राहून जाते हे ओळखणे हा यजमानाचा व्यवसाय आहे, पाहुण्याचा नाही.

आठ ते साडेनऊ

आठला आम्ही बसलो. पहिला पदार्थ आला. आजींसमोर कुट्टूचे वडे ठेवले गेले. त्यांनी हात जोडून वाढणाऱ्या मुलाला सांगितले की चंद्र उगवल्यावरच त्या काही घेतील. मुलगा जवळच्याच गावातला होता. त्याने एकदा ताटलीकडे, एकदा आजींकडे पाहिले, आणि माझ्या आठवणीप्रमाणे त्या क्षणी संपूर्ण रेस्टॉरंटमध्ये परिस्थिती समजलेला तो एकटाच माणूस होता. तो जाऊन कॅप्टनशी, म्हणजे वाढणाऱ्यांच्या प्रमुखाशी, बोलला. कॅप्टन टेबलापाशी आले, अत्यंत नम्रपणे वेळ विचारली, दिनदर्शिकेप्रमाणे ९ वाजून ३८ मिनिटे हे उत्तर ऐकले आणि त्यांचा चेहरा उतरला, कारण स्वयंपाकघराची शेवटची ऑर्डर सव्वादहाची होती.

आता त्यांच्यापुढे तीन मार्ग होते. सगळे टेबल पावणेदोन तास थांबवून ठेवणे शक्य नव्हते, कारण त्या रात्री सर्व टेबलांचे पदार्थ एकाच लयीत बाहेर पडत होते. आजींचे पदार्थ झाकून ठेवून नंतर द्यावेत, तर ते पदार्थच चुकीचे होते. मात्र हे कॅप्टनना तोवर उमगले नव्हते. म्हणून त्यांनी तिसरा मार्ग घेतला : बाकी सात जणांना वाढत राहायचे आणि आजींसमोरची ताटली उचलून घ्यायची.

व्यवसायाच्या नियमांत हा निर्णय बसतो. आमच्या टेबलावर तो टिकला नाही. एकामागून एक पदार्थ आणण्याची पद्धत युरोपात एकोणिसाव्या शतकात रुळली. त्याआधी तेथेही अनेक पदार्थ एकदम मांडले जात. नव्या पद्धतीने अन्न गरम मिळू लागले, पण टेबलावरील प्रत्येकाने एकाच वेळी तेच खावे अशी सक्ती तिने आणली. आपल्या पंगतीतही सगळे एकत्र जेवतात, मात्र तिचा धर्म वेगळा आहे : शेवटच्या पानावर वाढून झाल्याशिवाय पहिला घास घेतला जात नाही आणि शेवटच्या माणसाचे होईपर्यंत पहिला उठत नाही. ज्यांच्या अंगवळणी हे पडले आहे अशा सात माणसांना, जिच्यासाठी जेवण आहे तीच रिकाम्या जागेसमोर बसली असताना, जेवण घशाखाली कसे उतरावे?

तिसरा पदार्थ पोपटीवर आधारलेला होता. रायगड जिल्ह्यात हिवाळ्यात वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यासह मडक्यात भरतात, मडके उपडे घालून भोवती जाळ करतात. तोच वास आणि तोच धूर काचेच्या झाकणाखाली धरून शेफनी टेबलावर आणला होता. एरवी मी त्याविषयी दोन पाने लिहिली असती. त्या रात्री झाकणे उचलली गेली, धूर पसरला, आणि धाकट्या नातवाने विचारले, “आजी, तुला भूक लागली नाही का गं?” थोरल्या मुलाने चमचा खाली ठेवला. अर्ध्याहून अधिक ताटल्या तशाच परत गेल्या. त्यानंतर तो कॅप्टनशी जे बोलला ते चढ्या आवाजात होते, आणि त्याचा रोख अन्नावर नव्हता. आपल्या आईला एकटे पाडले गेले, हे त्याचे दुःख होते. आजी मात्र शांत होत्या. त्यांना उपवासाची सवय होती, आपल्यामुळे इतरांचे जेवण बिघडण्याची नव्हती, आणि मला वाटते त्या टेबलावर सर्वांत जास्त त्रास त्यांनाच झाला.

वरण फोडणीआधी

येथून पुढे जे घडले ते त्या वाढणाऱ्या मुलामुळे. चौथा पदार्थ आणताना तो आजींपाशी वाकला आणि म्हणाला, “आजी, आमच्या स्टाफच्या जेवणात वरण-भात आहे. फोडणी द्यायच्या आधीच वरण बाजूला काढून ठेवायला सांगू का? कांदा-लसूण फोडणीतच असतो.” आजींनी विचारले, “तुझ्या घरी कोण करतं संकष्टी?” तो म्हणाला, “आई करते.”

स्वयंपाकघरात पुढे झालेली चर्चा मला शेफनी स्वतः सांगितली. आपला सात पदार्थांचा मेनू वाया जाणार याचे त्यांना वाईट वाटले, आणि ४,५०० रुपये देणाऱ्या पाहुण्याला कर्मचाऱ्यांच्या पातेल्यातले वरण कसे द्यायचे हा त्यांचा खरा संकोच होता. त्यांनी मुलाचे म्हणणे ऐकले, एवढेच नव्हे तर मोदकांविषयीही त्यालाच विचारले. सकाळच्या घावनांसाठी तांदळाची पिठी होती, ओला नारळ आणि गूळ होता. भाजी निवडण्याच्या कामावर असलेल्या गावातल्या एका बाईंनी उकड काढली आणि पाच मोदक वळले. माळ्याने बांधावरून दुर्वा आणल्या. हॉटेलच्या हिरवळीवरही तेच गवत होते, पण तिच्यावर औषध फवारलेले असल्याने तेथील घेऊ नये, हे त्याला कोणी सांगावे लागले नाही.

डोंगराने घेतलेला वेळ

९ वाजून ३८ मिनिटांनी आजी उठून व्हरांड्यात गेल्या, आणि तेथे चंद्र नव्हता.

दिनदर्शिकेतील चंद्रोदयाची वेळ मोकळ्या क्षितिजाची असते. मुंबई आणि कर्जत यांच्या रेखांशांतील फरक साधारण अर्ध्या अंशाचा, म्हणजे वेळेत दोनेक मिनिटांचा. तो हिशेबात घेण्याचे कारण नव्हते. पण हॉटेलच्या पूर्वेला सह्याद्रीची भिंत उभी आहे. चंद्र तासाला साधारण चौदा अंश वर चढतो. डोंगराची कड डोळ्यांच्या रेषेपासून सहा अंश वर असेल, तर छापील वेळेनंतर चंद्र दिसायला जवळजवळ पंचवीस मिनिटे लागतात. हे रेस्टॉरंट ज्या देखाव्यासाठी पैसे घेते, तोच देखावा त्या रात्री आड आला होता.

धाकट्या मुलाने सुचवले की वेळ झाली आहे, उपवास सोडायला हरकत नाही; ढगाळ रात्री आपण वेळ पाहूनच सोडतो. शास्त्राच्या दृष्टीने त्याचे चुकले नव्हते. आजींनी दिलेले उत्तर मी शब्दशः लिहून ठेवले आहे : “गिरगावात चाळीच्या गच्चीवरून दिसायचा. पार्ल्यात समोर टॉवर झाला तेव्हापासून घड्याळ बघून सोडते. आज आभाळ मोकळं आहे, तर बघून सोडू दे रे मला.”

कॅप्टन शेजारीच उभे होते. सव्वादहाची मर्यादा लहर म्हणून ठेवलेली नव्हती. स्वयंपाकघरातील बहुतेक माणसे आसपासच्या पाड्यांवरून येतात आणि त्यांना घरी सोडणारी हॉटेलची गाडी साडेअकराला निघते. त्याआधी भांडी, ओटे, दुसऱ्या दिवसाची तयारी असे सगळे उरकायचे असते. कॅप्टननी विचार केला की वरण-भात आणि मोदक तयारच आहेत, त्यांना चुलीवर माणूस लागणार नाही, एक माणूस मागे राहिला तरी पुरेल. आणि त्यांनी स्वतः मागे राहण्याचे ठरवले.

कडेमागचे आभाळ आधी पिवळसर झाले. १० वाजून ५ मिनिटांनी चंद्र वर आला. आजींनी काचेच्या वाडग्यातून अर्घ्य दिले, पर्समधील तसबिरीला दुर्वा आणि नैवेद्य वाहिला, आणि दहानंतर आम्ही सगळे पुन्हा टेबलावर बसलो. कोणीही न सांगता सात जणांनी भात मागितला. स्टाफसाठी लावलेल्या पातेल्यातला भात त्यामुळे कमी पडला आणि दुसरा लावावा लागला. गाडी वीस मिनिटे उशिरा सुटली. त्या वीस मिनिटांची नोंद कुटुंबाच्या आठवणीत नाही. प्रकरण अभ्यासात ती असली पाहिजे, कारण सुखद शेवटाची किंमत त्या रात्री पाहुण्यांनी मोजली नाही, घरी उशिरा पोहोचलेल्यांनी मोजली.

बिल

बिलात आठ मेनूंचे ३६,००० रुपये आणि त्यावर दहा टक्के म्हणजे ३,६०० रुपये सेवाशुल्क लावलेले होते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे रेस्टॉरंटला सेवाशुल्क आपोआप बिलात घालता येत नाही, ते ऐच्छिक असते. थोरल्या मुलाने ते काढायला सांगितले आणि ते वाद न होता निघाले. खोलीचे भाडे दिवसाला ७,५०० रुपयांहून अधिक असल्याने जीएसटी ५ नव्हे, १८ टक्के होता. एकूण ४२,४८० रुपये झाले. वाढणाऱ्या मुलाला आणि मोदक वळणाऱ्या बाईंना आजींनी वेगळी पाकिटे दिली.

आजींच्या मेनूचे ४,५०० रुपये घ्यावेत का, हा वाद मात्र त्या रात्री मिटला नाही. व्यवस्थापकांचे म्हणणे, सात पदार्थ खरोखर बनवले होते. कुटुंबाचे म्हणणे, त्यांतला एकही मागितलेला नव्हता. आठवड्याने थोरल्या मुलाने लेखी तक्रार केली आणि हॉटेलने कर धरून ५,३१० रुपये परत केले. माझ्या मते परतावा योग्य होता. पदार्थ बनवण्याआधी एक फोन झाला असता तर कोणाचेच श्रम वाया गेले नसते, आणि तो फोन करणे रेस्टॉरंटच्या हातात होते.

फेरबदल, आणि त्यातील उणीव

या घटनेनंतर आरक्षणाच्या अर्जात ‘उपवास’ असा एक नवा रकाना आला. व्यवस्थापकांनी तो मला अभिमानाने दाखवला, आणि मला त्यांना सांगावे लागले की याने काहीच बदललेले नाही. ‘उपवास’ हा शब्द तर पहिल्या अर्जातही पोहोचला होता. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांत ऍलर्जीकारक पदार्थांचे गट दिले आहेत : ग्लूटेनयुक्त धान्ये, दूध, अंडी, मासे, कवचधारी जलचर, शेंगदाणे व सुकामेवा, सोयाबीन, सल्फाइट. या यादीवर तयार झालेला कर्मचारी ‘काय चालत नाही’ हे उत्तम विचारतो. ऍलर्जीला घड्याळ नसते. शेंगदाणा रात्री आठला चालत नाही तसा दहालाही चालत नाही. व्रताला घड्याळ असते. संकष्टीला चंद्रोदय, रमजानच्या रोजाला सूर्यास्त, पर्युषणात अनेक जैन कुटुंबांना सूर्यास्तापूर्वीचे जेवण : या तिन्ही ठिकाणी पदार्थ बरोबर असूनही वेळ चुकली तर पाहुणा उपाशीच राहतो. म्हणून विचारायचे ते हे, की व्रत कोणते आहे, किती वाजता सुटते, आणि सुटताना घरी काय खाता.

यांतील तिसरा प्रश्न शेफना सर्वाधिक पटला. वरण-भात वाढण्याचा संकोच त्यांच्या मनात का आला होता, याचा त्यांनी स्वतःच शोध घेतला : त्या प्रदेशातील शेंगा, पाला, धूर काचेखाली मांडण्यात त्यांना गौरव वाटत होता आणि त्याच प्रदेशातील माणसे रोज जेवतात ते पातेले मात्र मागल्या दाराचे वाटत होते. हे त्यांनी प्रामाणिकपणे कबूल केले, आणि या प्रकरणातील मला सर्वाधिक मोलाची वाटणारी गोष्ट तीच आहे.

कॅप्टननी आपल्या परीने आणखी एक काम सुरू केले आहे. दर संकष्टीला ते व्हरांड्यात उभे राहून डोंगरावर चंद्र दिसल्याची वेळ वहीत लिहितात : एका रकान्यात छापील वेळ, दुसऱ्यात दिसलेली. चंद्र दर महिन्याला कडेच्या त्याच जागेवरून वर येत नाही, कधी उत्तरेकडच्या खिंडीतून येतो तर कधी दक्षिणेकडच्या उंच सुळक्यामागून, त्यामुळे दोन रकान्यांतले अंतर दर वेळी वेगळे भरते. मी वही पाहिली तेव्हा तिच्यात पाच नोंदी झाल्या होत्या. पहिली त्याच रात्रीची होती : ९.३८, १०.०५.